पांढऱ्या मण्याएवढी ज्योत

रॉकेल-डिझेल तपासायच्या एबल उपकरणाच्या झाकणावर एक पांढरा मणी असतो. ज्वारीच्या दाण्याएवढा. चार मिलिमीटरला किंचित कमी. शेजारी चाचणीची ज्योत पेटते, ती बरोबर त्या मण्याएवढी ठेवायची.

मोठी नाही. लहान नाही.

एकोणीस वर्षं मी ती ज्योत त्या मण्याशी जुळवते आहे.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाईला भास झाला. मी थर्मामीटरवरचा अर्ध्या अंशाचा फरक नुसत्या डोळ्यांनी वाचते. जे झालं तेच लिहिते आहे. नाव लपवून लिहिणार होते. पण लपवालपवी खूप झाली. मी अंबिका. नांदेडच्या एका कॉलेजच्या तपासणी प्रयोगशाळेत तेलं तपासते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं भर दुपारी घडलं. मे महिन्यात, तीनच्या सुमाराला.

१७ मे २०१८. गुरुवार.

आमचे मदतनीस व्यंकट एका माणसाला घेऊन आले. "मॅडम, हे दगडोबा. आमच्या गावचे हायत, कंधारकडचे. जरा रॉकेल बघून द्या यांचं."

दगडोबांच्या हातात खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली होती. तोंडाला चिंधीचा बोळा.

"बाई, कॅन नवा आणला, तर वास येगळाच येऊन राहिला," ते म्हणाले. "आमची मंडळी कंधारच्या स्टँडवर भज्याचा गाडा लावती. तिनंच धाडलं. म्हनली, बघून घेतल्याबिगर मी स्टोव्हात वतनार न्हाई."

"लई हुशार हाय वहिनी," व्यंकट हसले. "नवऱ्याला बी बघूनच घेतलं असंल."

"तिथंच चुकली ना ती!" दगडोबा म्हणाले.

मीही हसले. चाचणी साधी असते. रॉकेल पितळी पेल्यात घ्यायचं, सावकाश तापवायचं, दर अर्ध्या अंशाला झाकणाची खिडकी उघडून ज्योत आत दाखवायची. खट्... बंद. ज्या तापमानाला आतली वाफ निळी चमकते, तो फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा पस्तीसच्या वर हवा. खाली आला, तर त्यात पेट्रोलसारखं काहीतरी मिसळलंय. असं रॉकेल स्टोव्हमध्ये घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

चमक फार फिकी असते. म्हणून पडदे ओढून अंधार करायचा. वाफ उडू नये म्हणून पंखा बंद.

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. फ्रीज बंद, बर्फ पाणी झालेला. खोलीत एक्केचाळीस अंश. रॉकेल आधीच एकोणचाळीसवर होतं.

मी ज्योत मण्याएवढी केली. खिडकी उघडली.

खट्...

पहिल्याच वेळी निळी चमक.

नियम स्पष्ट आहे. पहिल्याच वेळी चमकलं, तर ते वाचन धरायचं नाही. तो नमुना टाकायचा. नवा नमुना बर्फात थंड करून खालपासून पुन्हा मोजायचं. हे मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवते.

"मॅडम, खालच्या रसवंतीवरून बरफ आणू का?" व्यंकटनी विचारलं. "पाच मिंटं."

मला सव्वाचारची जळकोटची बस गाठायची होती. मावसबहिणीची हळद होती.

"राहू द्या," मी म्हणाले.

आणि कागदावर लिहिलं : ३८. योग्य. खाली सही, शिक्का.

३८ कुठून आला? त्याच्या आदल्या नमुन्याचा होता.

दगडोबांनी कागद कपाळाला लावला.

बस कंधारला थांबली. खिडकीसमोरच भज्याचा गाडा होता. एक बाई स्टोव्हला पंप मारत होती. मला मोजायची सवय आहे.

फुस्... फुस्... फुस्...

तीन. मग ती थांबली, कान देऊन आवाज ऐकला, समाधानानं मान हलवली. चौथा मारला नाही. मला बघताना बघून म्हणाली, "घ्या ना बाई, गरम हायती."

मी दहा रुपयांची भजी घेतली. ही दगडोबांची मंडळी असेल, हे मनात आलं होतं. काही बोलले नाही. बस सुटली.

अकराव्या दिवशी व्यंकटनी सांगितलं. स्टोव्ह भडकला. गाड्यावरची ती बाईच दगडोबांची मंडळी, केवळाबाई. त्या गेल्या. विझवताना दगडोबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

पोलिसांनी विचारलं, रॉकेल खराब होतं का?

दगडोबांनी माझा कागद दाखवला.

मग ठरलं की बाईनंच पंप जास्त मारला. गाव तेच म्हणालं. दगडोबाही तेच म्हणाले.

मी गप्प बसले.

पुढच्या वर्षी, १७ मेलाच, पडदे ओढून एका डिझेलची चाचणी करत होते. पंखा बंद. खोलीत मी एकटी.

मागून आवाज आला...

फुस्... फुस्... फुस्...

वळले. कुणी नव्हतं. भज्यांच्या तेलाचा वास मात्र होता. पुन्हा वळले, तर ज्योत मण्याच्या दुप्पट झाली होती.

मी नळी तपासली. झडप तपासली. सगळं ठीक होतं.

त्यानंतर जवळजवळ दर मे महिन्यात. एकदा पेला कोरडा, धुऊन उपडा ठेवलेला... आणि झाकणाच्या खिडकीचा खट् असा आवाज. एकदा रिकाम्या पेल्यात निळी चमक. थर्मामीटर एकोणचाळीसवर. खोली तेव्हा बत्तीस होती. आणि आवाज प्रत्येक वेळी तीनदाच. चौथ्याची मी वाट बघायची. चौथा कधीच आला नाही.

दगडोबा दरवर्षी शेंगांची पिशवी आणायचे. "तुमचे उपकार हायत, बाई. तुमी फुकट बघून दिलं. तिनंच माती केली."

एकदा म्हणाले, "पाच वर्षं झाली, तिच्या नावानं घास ठेवला न्हाई म्या. रागच जात न्हाई. फोटू बी लावला न्हाई."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. कातडी मेणासारखी गुळगुळीत. त्या हातांनी आणलेल्या शेंगा मी घरी नेल्या. भाजून खाल्ल्यासुद्धा.

गेल्या वर्षीची १७ मे.

दुपारी जेवून आले. कुलूप मीच उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते.

पडदे ओढलेले होते. मी ओढले नव्हते.

टेबलावर खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली होती. तोंडाला चिंधीचा बोळा... शेजारी गोणपाटाच्या तुकड्यात बर्फ. रसवंतीवर असतो तसा, लाकडाचा भुसा चिकटलेला.

खोलीत बेचाळीस अंश होते. बर्फाखाली पाण्याचा थेंब नव्हता.

किती वेळ उभी होते, माहीत नाही. एवढं कळलं की नवा नमुना आलाय. बर्फही आलाय. आता माझ्याकडे सबब उरलेली नाही.

मी चाचणी केली. नियमानं. पेला बर्फात ठेवून दहा अंशांवर आणला. ज्योत मण्याएवढी केली.

साडेदहा. खट्... काही नाही.

अकरा. काही नाही.

माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी वाकून बघत होतं. श्वास ऐकू येत नव्हता. पण मानेवर झळ लागत होती, चुलीसमोर बसल्यावर लागते तशी.

मी वळले नाही. चाचणी अर्धी सोडायची नव्हती.

चौदाला निळी चमक आली.

चौदा. पस्तीस हवा होता.

"बघितलं का बाई?" मागून आवाज आला. रागाचा नव्हता. गाड्यावरून गिऱ्हाइकाला विचारावं तसा.

दार वाजलं. मी वळले. मागे कुणी नव्हतं. बाटलीही नव्हती. पेला कोरडा होता, वाससुद्धा नव्हता. टेबल मात्र ओलं होतं, आणि पाण्यात लाकडाचा भुसा तरंगत होता.

व्यंकट आत आले. "मॅडम, पाणी कुठून सांडलं हे?"

त्यांच्या मागे दगडोबा होते. नवं धोतर, हातात लग्नपत्रिका.

"आमच्या पोरीचं, शिवकन्येचं जमलं, बाई," ते म्हणाले. "पहिली पत्रिका देवाला, दुसरी तुमाला."

पत्रिका हातात घेतली. अक्षर न् अक्षर वाचायची माझी सवय. वडील, दगडोबा. काका, मामा, आत्या, सगळे होते. आईचं नाव कुठेच नव्हतं.

"केवळाबाईंचं नाव?" मी विचारलं.

त्यांनी मान फिरवली. "काहून टाकायचं? पोरीला चार घरांनी इचारलं, मायवानी हलगर्जी हाय का म्हून. पोरगी रडती. तिनं तेवढा पंप मारला नसता तर..."

मागून आवाज आला.

फुस्... फुस्... फुस्...

व्यंकट आणि दगडोबा माझ्याकडेच बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

चौथ्या आवाजाची मी वाट बघितली नाही.

"काका," मी म्हणाले, "केवळाबाईंनी तीनच वेळा पंप मारला असेल. त्या तेवढाच मारायच्या, मी डोळ्यांनी बघितलंय. चूक माझी आहे. तुमच्या कागदावरचा आकडा मी मोजलाच नव्हता."