सुरगाठ

पोटच्या पोरीने "मावशी" म्हणून हाक मारली आणि गौराबाईच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यात बुडाली. संस्थेत कामकरी बायकांना सगळेच मावशी म्हणत. तरी सतरा वर्षांत हा शब्द तिला कधी असा बोचला नव्हता.

"मावशी, बायकांच्या खोल्या बघायच्या आहेत. जरा पुढे चला."

जागृती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात फाईल. नजर मात्र गौराबाईच्या खांद्यावरून पलीकडे, फडताळातल्या डब्यांवर...

लोधिवलीजवळच्या त्या मनोरुग्णांच्या निवासगृहात तपासणीची जीप न सांगता आली होती. उतरल्या दोघीच, डॉक्टर झोहरा मॅडम आणि त्यांच्या हाताखालची ही परिचारिका. व्यवस्थापक साईनाथ नवखा, चार महिन्यांपूर्वीच आलेला. त्याने घाबरत घाबरत त्यांच्या तपासणीच्या कागदांचं पहिलं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं. 'या संस्थेतील कोणाही व्यक्तीशी माझे नाते नाही.' खाली दोन सह्या. दुसरी सही जागृतीची होती, आणि ते ऐकताना गौराबाईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

खोटं कुणी लिहिलं? पोरीने? की ते आधी आईनेच लिहून ठेवलं होतं?

कारण रुग्णाच्या घरच्या माणसाला इथे कामावर ठेवत नसत. म्हणून सतरा वर्षांपूर्वी याच दारात माहेरचं आडनाव सांगून गौराबाईने नातं गिळलं होतं. पोशीरच्या घरी धाकटी नणंद भागी वेडाच्या भरात रानोमाळ धावायची. गौराबाईचा नवरा होता तोवर निभलं. तो गेला, आणि दिराने, कान्हाने, सख्ख्या बहिणीला गोठ्यात बैलाच्या साखळीने बांधलं. गौराबाईने दगडाने ती साखळी तोडली, हाताची सालटी गेली तरी तोडली. मग कान्हाने भागीला इथे आणून सोडलं. तीन दिवस भागीने अन्नाला तोंड लावलं नाही. "वैनी" एवढंच म्हणत भिंतीकडे बघत बसली. हे कळलं तेव्हा गौराबाईने अकरा वर्षांच्या जागृतीला शिळफाट्याला भावाकडे ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आठ दिवसांत येते गं."

त्या आठ दिवसांची सतरा वर्षं झाली.

दिवाळीला, भाऊबीजेला गौराबाई जायची. पहिल्या वर्षी पोर बिलगली. दुसऱ्या वर्षी रुसली. तिसऱ्या वर्षी तिने दार उघडलं, "मामी, पाव्हणी आलीय" म्हणाली आणि अभ्यासाला बसली... त्यानंतर गौराबाईने डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू दिलं नाही, पण तिच्या जिवाला थारा असा राहिला नाही. इथे असताना मन शिळफाट्याला, आणि तिकडे गेली की भागी जेवली असेल का म्हणून जीव टांगणीला!

आता तीच पोर पुढे चालत होती आणि आई मागून. जागृतीने नळ सोडून पाणी किती कढत येतं ते हाताने पाहिलं, गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचल्या, न्हाणीघरात धरायला दांडी नाही हे लिहून घेतलं. प्रत्येक बाईजवळ खाली बसून, नाव विचारून, तिची मनगटं आणि घोटे हलकेच बघितले. कुठे वळ आहे का, कुणी बांधून ठेवतं का, हे पाहायला. काय माया होती त्या बोटांत! दुखावलेल्या काळजातही गौराबाईला अभिमान दाटून आला. पोर कामाची निघाली. आईवाचून निघाली.

"दारांना बाहेरून कडी नाही," झोहरा मॅडम म्हणाल्या. "हे बरं आहे."

"कड्या होत्या. मावशींनीच काढायला लावल्या म्हणे, माझ्या आधी," साईनाथ बोलला. जागृतीने मान वर केली नाही.

शेवटची खोली भागीची. भागी खाटेवर बसून गाऊनच्या पट्ट्याशी खेळत होती. पन्नाशीची झाली तरी हसणं दहा वर्षांच्या मुलीचं. आत्याला पाहून जागृतीचं पेन क्षणभर थांबलं. भागीने तिला ओळखलं नाही.

"रहिवाशांशी आम्ही एकांतात बोलतो. मावशी, बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. गौराबाई ओसरीवर उभी राहिली. दार लोटलेलं होतं, तरी आतलं ऐकू येत होतं.

"भागीताई, इथे कुणी त्रास देतं का?"

"वैनी बांधते."

आत कागदाचं पान उलटलं.

"रोज?"

"रोज. दुपारची. रातीला पन. गाठ मारते."

बाहेर गौराबाईने भिंत धरली.

कचेरीत तिला खुर्ची दिली, तरी ती बसली नाही. साईनाथ आधीच हात झटकत होता. "मॅडम, मला याची कल्पनाच नाही. मावशींना आजच्या आज काढतो. हवं तर त्या बाईंना दुसरीकडे हलवू." वैनी ही भागीची नुसती हाक आहे, अशीच इथे सगळ्यांची समजूत होती.

दुसरीकडे हलवू... तिथे तिला घास कोण भरवणार? पुन्हा तीन दिवस भिंत, आणि मग?

"मावशी, हा जबाब लिहून घेतला जाईल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक असला तरी त्यात तुच्छता नव्हती. "तुम्ही बांधता?"

जागृती लिहायला बसली होती. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

"हाय. बांधते," गौराबाई म्हणाली.

"का?"

का, ते सांगायचं तर मुळापासून सांगावं लागणार होतं. मी कामवाली मावशी नाय, हिची सख्खी वैनी हाय. गाव कुठलं? पोशीर. आडनाव काय? मग मॅडमची नजर समोरच्या पोरीच्या ओळखपत्रावर जाणार, तिथे तेच आडनाव. पहिल्या पानावरची सही खोटी ठरणार. पोरीची नोकरी... मामाच्या घरी उष्टी काढून शिकलेल्या पोरीची नोकरी!

एका हाताला भागी, दुसऱ्या हाताला जागृती. सतरा वर्षांपूर्वी हीच निवड करून ती चुकली होती असं पोरीला वाटत होतं. आज देवाने पुन्हा तोच ताजवा पुढे धरला होता. या वेळी गौराबाईने पोरीच्या पारड्यात वजन टाकलं.

"चुकलं माजं. काडून टाका मला," ती म्हणाली आणि तोंड मिटलं. डोळे वाहत होते, ते मात्र तिला मिटता आले नाहीत.

झोहरा मॅडमनी तीस वर्षं अशा घरांत काढली होती. गुन्हा कबूल करणारं माणूस असं रडत नाही, हे त्यांना माहीत असावं. त्या उठल्या. "कसं बांधता, ते दाखवा. दुपारची वेळ झालीच आहे."

सगळे खोलीत आले तेव्हा भागी आडवी झाली होती. गौराबाईने उशीखालून कापडाची पट्टी काढली. कुठल्याशा शालूचा काठ, जर उडालेली. मग तिने मनगटावरचं घड्याळ उतरवलं.

पट्ट्याखालचं कातडं काळं पडलं होतं. मनगटाभोवती बोटभर रुंदीचा, जुना, घट्टे धरलेला वळ. सकाळपासून जागृती बावीस बायकांच्या मनगटांवर जो वळ शोधत होती, तो इथे होता.

गौराबाईने पट्टीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि दातांत धरून निरगाठ मारली, ओढली तर आवळत जाणारी. दुसरं टोक भागीच्या गाऊनच्या पट्ट्यात ओवलं आणि सुरगाठ घातली. मग ती खाली जमिनीवर, चटईवर बसली.

भागीने गंमत म्हणून टोक ओढलं. तिच्याकडची गाठ सुळकन सुटली. वैनीचा हात हिसक्याने वर गेला.

"वैनी जागी!" भागी टाळ्या वाजवत हसली.

"कडी लावायची नाय म्हनलं तर ती झोपेतनं उठून चालाय लागते," गौराबाई जमिनीकडे बघत पुटपुटली. "भात लावाय पोशीरला जायचं म्हनून. एकदा हायवेवर गेली, टँकरखाली जाता जाता वाचली. माजा डोळा लागला व्हता... म्हनून."

"वैनी बांधते, एवढंच त्या म्हणाल्या," मॅडम हळू बोलल्या. "कुणाला, ते मी विचारलंच नाही."

"वैनीलाच की," भागी म्हणाली. "नायतर म्हायेरला पळून जाईल ना."

जागृतीच्या हातातली फाईल खाली पडली. दहा वर्षांची करवली भागी. आईच्या लग्नात तिनेच शालू-शेल्याची गाठ मारली होती. नवी नवरी माहेरी जाऊ नये म्हणून पुढे कितीतरी दिवस ती वैनीचा पदर स्वतःच्या परकराला बांधून झोपायची. आई हे हसत हसत सांगायची, जागृती तिच्या मांडीवर असताना. तो काठ त्याच शालूचा होता. आणि आईने सतरा वर्षांत एक रात्र, एक दुपार सलग झोप घेतली नव्हती...

"मॅडम," तिचा आवाज फाटला. "हा जबाब मला लिहिता येणार नाही. पहिल्या पानावरची माझी सही खोटी आहे." तिने बोट केलं. "या मावशी नाहीत. ही माझी आई आहे. आणि ती माझी आत्या."

"गप गं, पोरी!" गौराबाई कळवळली. "मॅडम, तिचं काय ऐकू नका."

"बोलू दे ना, आई."

किती वर्षांनी ऐकला तो शब्द! गौराबाई उठायला गेली, तोवर जागृतीच खाली बसली आणि तो काळा वळ गालाला लावून हमसून हमसून रडली.

"मला वाटायचं, तुला मी नको होते."

"न्हाय गं बाय. तुला मामा व्हता. तिला कोन व्हतं?"

झोहरा मॅडम चष्मा पुसून साईनाथकडे वळल्या. "ही पट्टी बंद. माया असली तरी बांधणं ते बांधणंच, आणि यात एका बाईचा हात गेलाय. फाटकाला घंटा बसवा, रात्रीला दुसरी बाई ठेवा, आठ दिवसांत. यांना काढायचं नाही. यांचं नातं कागदावर आणा, मी पत्र देते." जागृतीला त्या म्हणाल्या, "तपासणी आता माझ्या एकटीच्या सहीने जाईल. तुमच्या सहीचं स्पष्टीकरण उद्या लेखी द्या. जाब द्यावाच लागेल."

"देईन, मॅडम."

गौराबाईने मनगटाची गाठ सोडून पट्टी खाटेवर ठेवली. जीपने भोंगा दिला. जागृती डोळे पुसून उठली आणि जागच्या जागी अडली. भागीने पट्टीचं एक टोक तिच्या ओळखपत्राच्या निळ्या फितीला बांधून टाकलं होतं.

"आता कशी जाशील?" भागीने विचारलं.

गौराबाईने गडबडीने गाठ सोडायला घेतली. भागीने सुरगाठ नव्हती घातली, चांगली निरगाठ होती. "थांब, कात्री आनते..."

"नको." जागृतीने फीत गळ्यातून काढली. ओळखपत्र सोडवून पर्समध्ये ठेवलं आणि फीत पट्टीसकट भागीच्या हातात दिली. "आठ दिवसांत येते," ती सवयीने म्हणून गेली, आणि आईचा चेहरा पाहून तिथेच थबकली.

"नाही. आठ दिवस नाही," ती म्हणाली. "रविवारी. अकराच्या आत. तुझ्या हातची गरम भाकरी खाणार आहे."

जीप गेली. गौराबाई मनगट चोळत चटईवर बसली. भागी खाटेवर निळी फीत मुठीत धरून बसली होती.

"वैनी, तू झोप," ती म्हणाली. "मी हाय जागी."

आणि गौराबाई खरंच झोपली.