बाळूला जेवायला कोण बोलावतं

गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन सांगतो, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे.

म्हणजे लिहिताना एका हातात मोबाईल आहे आणि दुसऱ्यात चहा. पण भावना समजून घ्या.

अशा गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात, असं या पेजवर वाचत आलोय. आमच्याकडं घडलं ते मार्चमध्ये, लातूरला, भर दुपारी. रात्री शेजारच्यांचा टीव्ही इतका मोठ्यानं चालतो की भुताला तोंड उघडायला सवड मिळत नाही.

घरात आम्ही तिघं. मी राजशेखर, बायको सुकन्या आणि माझी आई बसम्मा. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले डोळे, कान आणि डावा हात. तिचं माहेर उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीवरचं. त्यामुळं तिची भाषा कन्नड. मला त्यातल्या शिव्या आणि जेवणापुरते शब्द येतात. सुकन्या रेणापूरची. तिला तेवढंही नाही.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, घरात एखादं जनावर आणा, आजींना उभारी येईल.

गावाबाहेर सत्यम नावाचा माणूस बेवारस कुत्री सांभाळतो. त्याच्याकडून एक काळा, वयस्कर कुत्रा आणला.

"लई गरीब हाय, साहेब. भुंकत न्हाई, चावत न्हाई."

"मग कुत्रा कशाला म्हणायचं त्याला?" सुकन्या म्हणाली. पण नाव तिनंच ठेवलं. बाळू.

सत्यमनं सांगितलं होतं, अंगचटीला जाऊ नका, रोज एकाच जागी खायला ठेवा, रुळंल हळूहळू. आम्ही तसंच केलं. पण बाळू आईच्या खाटेखाली शिरला तो तिथंच. दूध-भाकरी ठेवली, तोंड लावलं नाही. चिकनचा रस्सा ठेवला. घरात पिढ्यान्‌पिढ्या न शिजलेली वस्तू मी हॉटेलातून आणली, हे समाजाला कळू नये. त्यालाही तोंड लावलं नाही. बरगड्या मोजता याव्यात असा झाला.

आणि एके दुपारी भांडं चाटूनपुसून साफ.

दुसऱ्या दुपारीही.

त्याच सुमाराला आईत फरक दिसायला लागला. दुपार झाली की ती डाव्या हातानं चमचा घेऊन ताटावर आपटायची. जोरजोरात. व्यायामाच्या बाई खूश. "बघा, प्रगती आहे!"

मग एक दिवस सुकन्याचा ऑफिसात फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं.

"अहो... आई बोलल्या!"

"काय बोलली?"

"मी स्वयंपाकघरात होते. खोलीतून आवाज आला... तिन्नू, तिन्नू. म्हणजे काय हो?"

"खा."

मी ऑफिसातच रडलो. येताना पेढे आणले. सगळ्या गल्लीत वाटले. दोन वर्षांनी आई बोलली होती, तेही कुत्र्याशी. माझी तक्रार नव्हती. आज कुत्र्याशी, उद्या माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी आईला खुर्चीत बसवून अंगणात लिंबाखाली आणलं. बाळूचं भांडंही तिथंच ठेवलं. लाईट गेली होती. कूलर बंद. गल्ली चिडीचूप.

मी आईच्या तोंडाकडं बघत बसलो. आता बोलेल. आता बोलेल...

"तिन्नू..."

बाईचा आवाज. म्हातारा, मायेचा.

बाळूनं भांड्यात तोंड घातलं.

आईचे ओठ मिटलेले होते.

आवाज आला होता घरातून... तिच्या रिकाम्या खोलीतून.

सुकन्या माझ्या शेजारीच उभी होती.

आईनं डाव्या हातानं माझा सदरा धरला. इतका घट्ट की गुंडी तुटली. तिचे डोळे मी कधी तसे पाहिले नव्हते.

"आई, तुला हे रोज ऐकू येत होतं?"

तिनं डोळे मिटले आणि उघडले. हो.

ती ताट वाजवत होती ते आम्हाला हाक मारायला. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मी सत्यमला फोन लावला. "कुत्रा कुठला आहे?"

"हद्दीकडल्या खेड्यातला. एकटी म्हातारी होती, वारली. दार आतून बंद. लोकायला वासावरून कळलं. ह्यो तिच्याजवळ बसून होता."

"हे आधी सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं का? समदे लसीचंच इचारतेत."

मी बाळूला गाडीत घातलं आणि त्याच्याकडं परत सोडून आलो. प्रश्न मिटला, असं समजून जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आईजवळ बसलो. आवाज आला. भिंतीतून आल्यासारखा, थेट खाटेच्या उशाशी...

"बसम्मा... बा."

ये.

आईनं माझा हात सोडला नाही.

सुकन्या दारात उभी होती. म्हणाली, "कुत्रा होता तोवर ती त्याला बोलवत होती. तुम्ही त्याला घालवलंत. आता ती कुणाला बोलवणार?"

एम.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. तिनं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आईला कंधारला माझ्या बहिणीकडं नेलं आणि येताना बाळूला परत घेतलं. सत्यमनं दोरी हातात दिली. "वाटलंच मला."

बहीण तारामती फोनवर म्हणाली, "कुत्रं घरात ठेवलंस अन् आईला बाहेर काढलंस. शाब्बास, दादा."



घर शांत झालं. आवाज बंद. बाळू पुन्हा खाईना. दाराकडं तोंड करून पडून राहायचा. आई मात्र कंधारला दोन घास जास्त खातेय, असं कळलं. मला वाटलं, वाचली.

मग एका दुपारी बाळू उठला. आईच्या खोलीच्या दारात जाऊन बसला. शेपूट हलवायला लागला.

आत कुणीतरी बोलत होतं...

दोघी होत्या.

एक ती म्हातारी. दुसरीनं मधेच काहीतरी म्हटलं आणि हसली. ते हसू मी दोन वर्षं ऐकलं नव्हतं. बाकी आयुष्यभर ऐकलं होतं.

"आई!" मी दार ढकललं.

रिकामी खाट.

फोन त्यानंतर वाजला. मी तो लगेच उचलला नाही.

"दादा, आई गेली," तारामती म्हणाली. "शेवटी बोलली रे. स्पष्ट बोलली."

"काय?"

"मला कुठं कळतं कन्नड?"

आमच्यातल्या रीतीप्रमाणे आईला बसवून माती दिली. तिचा चेहरा शांत होता, असं सगळे म्हणाले. मी नीट पाहिला नाही.

बाळू आता छान रुळलाय. वजन वाढलंय. रोज दुपारी खोलीच्या दारात बसतो, आतून आवाज आला की खातो. कधी एकीचा येतो, कधी दुसरीचा. आईला आमच्या घरात राहायचंय की ती म्हातारी तिला जाऊ देत नाही, हे मला ठरवता येत नाही. विचारायला लागणारे शब्द मला येत नाहीत.

ती खोली जूनपासून मुखेडच्या दोन मुलींना भाड्यानं दिली आहे. ‘नीट’ परीक्षेची तयारी करतात.

त्यांची एकच तक्रार आहे. वायफाय आतपर्यंत पोचत नाही.