ब्लॅकच्या पानावरची बोटे

उपनिरीक्षक स्वप्नाली दळवी भाईंदरच्या इंद्रलोक भागातील त्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात शिरल्या, तेव्हा रक्ताचा ओघळ फळ्याखालून उंबऱ्यापर्यंत येऊन थिजला होता. वर्गाचे मालक निकेत सर पालथे पडले होते. दोन्ही हात पोटाखाली दबलेले, कवटीचा मागील भाग पूर्णपणे चेचलेला. शटर ओढावयाचा लोखंडी आकडा बाकाखाली लोळत होता. त्याच्या टोकाला केस चिकटले होते. रक्ताळलेले डस्टर कोपऱ्यात फेकलेले होते.

प्रेताशेजारी सरांचे गाजलेले पुस्तक उघडे पडले होते. प्रत्येक पानावर एकच इंग्रजी विशेषण आणि त्याच्या पोटी जन्मलेले सर्व शब्द, अशी त्याची रचना. हे पान 'ब्लॅक'चे होते. ब्लॅकबोर्ड, ब्लॅकलिस्ट, ब्लॅक शीप, ब्लॅक मार्केट. कोपऱ्यात बुटाचा धुळकट ठसा होता आणि 'ब्लॅकमेल' या शब्दावर रक्तात बुडालेल्या तीन बोटांचा फराटा.

"मरता मरता सांगून गेले, मॅडम," हवालदार धर्माजी म्हणाले. "काशीमीऱ्याचा गॅरेजवाला जितेश इथंच शिकतो. त्याचं अडखळणारं इंग्रजी बोलणं सरांनी मोबाईलात घेतलं होतं. क्लास सोडलास तर सगळ्यांना दाखवीन, अशी धमकी. दुपारी भांडून गेलाय. उचललाय त्याला."

पंचनाम्यासाठी प्रेत उलटले. सरांचे दोन्ही तळवे स्वच्छ होते. स्वप्नाली त्या तळव्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

ठाण्यात जितेशला समोर बसवले.

"मारलंस?"

"मारावंसं वाटलं. शिव्या घातल्या नि निघालो. मॅडम, सुलूला आठवा महिना लागलाय. मी आत गेलो तर तिला कोण बघणार?"

त्याची बायको सुलू बाहेरच्या बाकावर पोट सावरून बसली होती. स्वप्नाली तिच्यासमोरून निघाल्या, त्या थेट वर्गासमोरच्या चहावाल्या वासंतीकडे.

"दुपारी आत कोण कोण गेलं, मावशी?"

"जितेश. तो तणतणत बाहेर आला. मग ते दुसरे सर, अभिनव. बाहेर पडले तेव्हा कपाळाला लाल गंध. मी म्हटलं, काय सर, आज देव कसा आठवला? वळून बघितलंसुद्धा नाही."

अभिनव निकेतचा सहायक होता. काळा शर्ट, मृदू आवाज.

"दुपारी कुठे होता?"

"घरी. भाईंदर पूर्वेला."

"मध्ये देवळात?"

"मी नास्तिक आहे, मॅडम. देऊळ बघून वर्षं झाली."

स्वप्नालींनी निकेतच्या पुस्तकाची दुसरी प्रत पुढे सरकवली. "हे ब्लॅकचं पान. सगळे शब्द आलेत ना?"

"'ब्लॅक आय' राहिला. प्रूफं तपासताना मी..." तो थांबला.

"मुखपृष्ठावर नाव निकेतचं आहे."

त्याने प्रत पालथी ठेवली.

"मयताचे तळवे स्वच्छ होते," स्वप्नाली सावकाश म्हणाल्या. "म्हणजे बोटं मारणाऱ्याची. मेला की नाही, हे तुम्ही मान चाचपून पाहिलंत. बोटं रक्तात भिजली. मागे सरकताना पुस्तकाला बूट लागला. पुस्तकाला पाय लागला की आपण काय करतो, अभिनव? वाकून त्याला हात लावतो, मग तोच हात कपाळाला. तुमच्या हाताने ते आपोआप केलं. ब्लॅकमेल हा शब्द बोटांखाली आला तो योगायोगाने. नंतर हात डस्टरला पुसलेत. कपाळ दिसायला तिथे आरसा नव्हता. वासंतीमावशींना ते गंध वाटलं."

धर्माजींचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"एकेक शब्द मी गोळा केला," अभिनव म्हणाला. "ते म्हणाले, तुझं नाव कोण विकत घेणार? आज परत मुखपृष्ठावर नाव मागितलं. हसले आणि फळ्याकडे वळले. मी आकडा उचलला. पहिल्या घावाला पडले, तरी हात थांबेना. पण पुस्तकाला पाय लागला, मॅडम. ते माझं होतं."

बाहेर जितेश सुटला. सुलूने त्याच्या छातीवर एक बुक्की मारली आणि मग तिथेच डोके टेकले.

धर्माजी जबाब लिहावयास बसले. 'निकेत सरांचा सहायक' अशी त्यांनी सुरुवात केली. अभिनवने कागदावर तळवा ठेवला.

"आधी माझं नाव घाला," तो म्हणाला. "पूर्ण."