सोळाव्या मजल्यावरून दिसलेलं

"दोन माणसं कमी पडताहेत हो... याल का?"

हातात छोटा निळा झेंडा, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहरा असा, की नाही म्हटलं तर बिचारा तिथंच बसकण मारेल. शहराच्या मध्यातली ही सरकारी इमारत दाखवायला दर शनिवारी फेरी निघते, पण पाच माणसं जमली तरच. त्या गाईडकडे तीनच होती – तिन्ही निवृत्त शिक्षिका.

मी माझ्या चष्म्याच्या दुकानाचा परवाना घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. बाबा पायरीवर थांबलेले. तीस वर्षांपूर्वी इथली फरशी त्यांनीच बसवली होती. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कामगारांना मागच्या दारानं घरी धाडलं, तेव्हापासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. रुसवाच म्हणा ना.

"चला ना बाबा, त्याचं काम अडलंय."

बाबांना कुणाचं काम अडलेलं बघवत नाही. कुरकुरत का होईना, आले.

आणि आत... मघाशी परवान्याच्या घाईत मी मान वर केलीच नव्हती! सोळा मजले गोलाकार, मधोमध सगळं मोकळं, आणि पार वर काचेचं छप्पर. ऊन निळं होऊन खाली उतरत होतं. लहान मुलानं ठोकळे रचावेत तसे गुलाबी खांब – त्यांच्यावर काहीच टेकलेलं नाही, नुसते ऐटीत उभे. काचेच्या लिफ्ट बुडबुड्यांसारख्या वर-खाली. माझं तोंड उघडंच राहिलं.

"काहीजण या इमारतीला रंगीत केक म्हणतात," गाईड माझ्याकडे बघत म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला... थोडं थांबा, अजून बघतेय."

तो इतका खूश झाला, जणू इमारत त्यानंच बांधली असावी.

"खालच्या फरशीत एकोणीस वर्तुळं आहेत," त्यानं सांगायला सुरुवात केली.

"एकवीस," बाबा म्हणाले.

"नाही काका, पुस्तिकेत–"

"दोन त्या चौकशीच्या टेबलाखाली गेली. टेबल नंतर आलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बसवली ना! गुडघे उगाच गेले का माझे?"

गाईडनं हातातला झेंडा बाबांच्या हातात दिला. "मग आज तुम्हीच सांगा, काका."

बाबा पुढे, शिक्षिका त्यांच्या मागे, आणि सगळ्यात मागे आम्ही दोघं.

"तुमची नोकरी गेली की हो," मी हळूच म्हणाले.

"जाऊ दे. मागं चालण्यात मजा आहे."

"कसली?"

"ते... इमारत जास्त चांगली दिसते इथून." तो इमारतीकडे बघतच नव्हता.

सोळाव्या मजल्यावर बाबा कठड्याशी गेले, खाली वाकले... आणि वाकलेलेच राहिले. खाली ती वर्तुळं एकात एक पसरत गेली होती – तळ्यात खडा पडल्यावर तरंग उठावेत तशी. बाबांनी ती फक्त गुडघ्यांवर बसून, हातभर अंतरावरून पाहिली होती. एकेका दिवशी एकेक तुकडा.

"असं होतं होय हे..." ते पुटपुटले. मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या बाजूनं त्यांच्या खांद्यावर आणखी एक हात आला होता – गाईडचा.

त्यानंतर बाबांचा एकही शनिवार चुकला नाही. माझाही नाही – "बाबांना सोडायला" म्हणून! एका मंगळवारी गाईड दुकानात डोळे तपासायला आला. नंबर शून्य. पुढच्या मंगळवारी पुन्हा आला.

"डोळे ठणठणीत आहेत हो तुमचे!"

"तरी एकदा नीट बघा ना..."

मी बघितलं. भिंगातून इतक्या जवळून त्या तपकिरी डोळ्यांत... आणि नंबर लिहायचाच विसरले.

मग एका शनिवारी, वरच्या कठड्याशी, त्यानं सांगून टाकलं. दुसऱ्या शहरात बदली. पंधरा दिवसांत.

"फेरीची काळजी नको. काकांना नेमून घेतलंय खात्यानं. ओळखपत्रही तयार आहे."

"वा! सगळ्यांची सोय लावलीत," मी म्हणाले. आवाज भांडल्यासारखाच निघाला. "माझी काय लावलीत?"

तो गोंधळला. "तुमची... तुमचं दुकान इथं. काका इथं. मी कुठल्या तोंडानं विचारू?"

"याच तोंडानं. विचार की!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मलाच कळलं नाही. त्याला कळलं असावं. कारण तो असा हसला, की मी कठडा घट्ट धरला.

"माझ्याशी लग्न करशील? दर शुक्रवारी संध्याकाळी येईन. वर्षभरात परत इथं बदली मागेन. नाही मिळाली तर–"

"नाही मिळाली तर चष्मे तिथंही लागत असतील लोकांना. आणि बाबांनाही नेऊ. फरशा सगळीकडे असतात." मी डोळे पुसले. "हो म्हणतेय मी. आता सांग, याच इमारतीत आहे ना विवाह नोंदणी? कितव्या मजल्यावर?"

या इमारतीचा कोपरा न् कोपरा पाठ असलेला तो माणूस बोटांवर मजले मोजू लागला.

"चौथ्या... नाही, सहाव्या... थांब हं... अगं, मला काही आठवतच नाहीये!"

"असू दे," मी म्हणाले आणि त्याचा हात हातात घेतला. "प्रत्येक मजल्यावर विचारत जाऊ."