फटीतला उजेड

त्या दोघांची पहिली भेट झाली ती काळोखात, आणि भांडणानेच झाली. खरं तर ती कुणावर आवाज चढवणारी नव्हती. पण त्या दिवशी सकाळपासून तिने प्रयोगशाळेतली मागची खोली अंधारी करून ठेवली होती, पडद्यावरच्या आकड्यांनी कुठे जरा दम धरला होता, आणि तेवढ्यात कुणीतरी दार सताड उघडलं. उजेड आत शिरला आणि आकडे भडाभडा चढले.

“आत या, नाहीतर बाहेर जा,” ती म्हणाली, “पण आधी दार लावा.”

दार लागलं. काळोखात कुणीतरी अवघडून उभं राहिलं. मग एक मवाळ आवाज आला, “लावलं. पण मी आतच राहिलो...”

रागातही तिला हसू फुटलं. सकाळची मेहनत तर पाण्यात गेलीच होती.

आकाशात जाणारं एक यंत्र तिथे बांधलं जात होतं. ताऱ्यांपलीकडून आलेला वैश्विक किरण त्यातल्या काचेसारख्या पट्टीतून गेला की पट्टी क्षणभर मिणमिणते. आपल्या डोळ्यांना कळणारही नाही, इतकंच. ते टिपायचं काम नखाएवढ्या सेन्सरचं, आणि सेन्सरची ती कुजबुज मोठी करून सांगायचं काम सर्किटचं. सेन्सर तिच्याकडे होते. सर्किट ह्या आवाजवाल्याने आखलेलं होतं, आणि ते बसवून द्यायला तो दुसऱ्या गावच्या संस्थेतून आला होता. सगळे त्याला पाहुणाच म्हणू लागले. काम झालं की पाहुणा यंत्राबरोबर निघणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

ठरलेलं होतं, म्हणून मन ऐकतं थोडंच!

अजूनही कुठे तारा डाखतानाचा राळेचा गोडसर धूर नाकात गेला की तिला ते दिवस जसेच्या तसे आठवतात. तो सोल्डरिंग करता करता सर्किटशी बोलायचा. एखादं फार गोंगाट करू लागलं की “अगं, जरा दुसऱ्यालाही बोलू दे,” असं त्याला समजवायचा, आणि हे नक्की कुणाला उद्देशून आहे ते न कळून ती सूक्ष्मदर्शकावर अधिकच वाकायची. तारा हातात देताना बोटं लागायची... मग दोघंही त्या तारेकडेच फार लक्ष देऊन बघायचे. दुपारी तो तिच्या डब्यात वाटेकरी झाला. हल्ली डबा जास्तीचा का लागतो, असं आईने विचारलं तेव्हा भूक वाढली आहे, म्हणून तिने वेळ मारून नेली. आई भांडी पुसत म्हणाली, “त्या भुकेला काही नावगाव असेल ना?”

बघता बघता यंत्राची पेटी बंद करायचा दिवस आला. दोघांच्या वर एक वरिष्ठ बाई होत्या. त्यांनी बजावून सांगितलं, आज आकडे बसले तरच पेटी उद्याच्या ट्रकवर चढेल. आणि आकडे तर काही केल्या बसेनात. पेटीत कुठूनतरी उजेड शिरत होता.

मग रीतच अशी की एकाने टॉर्च घेऊन पेटीच्या सांध्यांवरून हळूहळू फिरायचं आणि दुसऱ्याने पडद्यावरून नजर हलवायची नाही. आकडा उडाला की सांगायचं.

“येतंय?”

“नाही.”

“आता?”

“अंहं.”

“सगळे कोपरे झाले. तुमच्या घरापर्यंत फिरवून आणू का टॉर्च?”

“आणा की. आई आहे घरी.”

तो हसला. टॉर्च तारा आत जायच्या छिद्रापाशी आला, आणि आकडा उडाला.

शब्द तिच्या ओठांवर आला अन् तिथेच अडला. बोललं की तिथे काळी पट्टी लागेल, पेटी मिटेल, आणि उद्या हा जाईल. न बोललं, तर पेटी अडेल, हाही थांबेल, पण तो तिच्या खोट्यावर. देवाला ते कसं सांगायचं? एक श्वास गेला. दुसरा गेला.

“इथे,” ती म्हणाली.

टॉर्च हलला नाही. “आकडा मघाशीच उडाला ना?”

“...हो.”

“मग थांबलात का?”

तिने पडद्यावरून मान वळवली नाही. “इथे म्हटलं की तुम्ही निघालात. म्हणून... जीभच उचलेना.”

त्याने टॉर्च टेबलावर ठेवला.

“फट मला डोळ्यांनी दिसत होती,” तो हळूच म्हणाला. “मीही गप्पच होतो. तू काय करतेस ते बघत.”

तू. ते त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि त्याने ते परत घेतलं नाही, तिनेही घ्या म्हटलं नाही.

तिने काळी पट्टी कापून दिली. त्याने ती छिद्रावर बसवली, अंगठ्याने कडेकडेने दाबली, घाई न करता. आकडे उतरू लागले. उतरत उतरत जिथे बसायला हवे होते तिथे बसले. तिला आनंद झाला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

“यंत्र वर जाईपर्यंत मला त्याच्याबरोबर तिकडेच राहावं लागेल,” तो म्हणाला. “वर्ष लागेल, जास्तही लागेल. त्यानंतर... इथे मला काही काम उरणार नाही. बिनकामाचा आलो तर?”

ह्या वेळी तिने श्वासभरही उशीर केला नाही.

“ये,” ती म्हणाली.