मागच्या सीटवरची गाणी

गाणी मिक्स करणारा एक माणूस होता, त्याला सगळे कानसेन म्हणायचे. चेष्टेनं पडलेलं नाव, पण शोभायचं. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी गायलेलं-वाजवलेलं एकत्र आणायचं, कोणाला पुढे ओढायचं, कोणाला मागे ढकलायचं, हे त्याचं काम. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात आणि बरोबर डोक्यावर दातांचा दवाखाना. वर दाढ कोरायचं यंत्र सुरू झालं की खाली कानसेन हाताची घडी घालून बसायचा. त्याच्या एका अंगाईत वरच्या पेशंटची किंकाळी आहे आणि आजवर ती कोणाला ऐकू आलेली नाही, असं तो शपथेवर सांगायचा. उलट मुलं त्या जागेलाच झोपतात म्हणे. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत.

तर अशा या तळघरात एका दुपारी एक गायक आला. स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा, म्हणजे भांडायला दुसरं कोणी नाही. पन्नाशीकडे झुकलेला, कोपरांवर झिजलेला स्वेटर, आणि आवाज असा मऊ की नळाचं बिल वाचून दाखवलं असतं तरी ऐकणाऱ्याला गहिवरून आलं असतं. त्याचा अल्बम होता जुन्या सॉफ्ट रॉकच्या बाजाचा. संथ गिटार, इलेक्ट्रिक पियानो, ब्रशनं हळूच घासलेले ड्रम आणि कोरसमध्ये आवाजावर आवाज रचलेले.

"मला नवं काही नकोय, उस्ताद," गायक म्हणाला. "ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे आपण लहानपणी कुठंतरी ऐकलंय."

"सगळ्यांना तेच हवं असतं."

"नुसतं वाटून उपयोग नाही." गायकानं गिटारची पेटी भिंतीला टेकवली. "कुठं ऐकलं, तेही आठवलं पाहिजे."

तो गेल्यावर कानसेननं पहिलं गाणं लावलं आणि दुसऱ्या ओळीलाच त्याच्या भुवया वर गेल्या. चोरी! हे गाणं त्यानं ऐकलेलं होतं, आणि कुठं तेही लख्ख आठवत होतं. संध्याकाळ. गाडीची मागची सीट. तापलेलं रेक्झिन मांडीला चिकटतंय. पेट्रोलचा गोडसर वास. रस्त्यावरचे दिवे एकामागून एक छतावरून सरकतायत. पुढे गाडी चालवणाऱ्या बाबांची मान, आणि रेडिओवर हेच गाणं.

दुसऱ्याची चाल उचललेली गाणी आपल्या हातून बाहेर पडली तर नाव आपलंच खराब होणार. म्हणून त्यानं जुनी गाणी धुंडाळली, जाणत्या मित्रांना विचारलं, ओळ न् ओळ ताडून पाहिली. कुठंच काही नाही. गाणी कोरी करकरीत होती. तरीही संशय काही जाईना. दिवसभर गाणी वाजत राहायची आणि गाडी चालत राहायची. मग एका सकाळी दाढी करताना त्याचा हात गालावरच थांबला.

आपल्या बाबांकडे गाडी नव्हती.

गाडी सोडा, गाडीचं चाक नव्हतं. बाबांकडे सायकल होती, आणि तीसुद्धा दुसऱ्यानं वापरून टाकलेली.

फेसानं माखलेल्या चेहऱ्यानं तो आरशासमोर उभा राहिला. मग स्वतःची समजूत घातली: शेजाऱ्यांची असेल. मामांची असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

गाणी तयार झाली की ती गाडीत लावून ऐकायची, ही त्या धंद्यातली रीत. स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर काय, सगळंच छान वाटतं. लोक गाणी ऐकतात ती गाडीत. कानसेनकडे स्वतःची गाडी नव्हती, म्हणून तो वरच्या डॉक्टरबाईंची किल्ली मागून न्यायचा. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "चला, मीही येते. पेशंट आलाच नाही. घाबरला असेल."

"तुम्ही हसत दार उघडता ना, त्याला घाबरतात लोक."

"गप्प बसा. तुमची अक्कलदाढ अजून माझ्या हातात आहे."

इमारतीमागच्या आवारात टळटळीत ऊन होतं. दोघं गाडीत शिरले, कानसेननं फोनवरून गाणं सुरू केलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण मागे बसलोय. बाईही मागेच बसल्या होत्या, दुसऱ्या खिडकीशी. कोणी ठरवलं नव्हतं. पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या होत्या.

"हे गाणं," बाई हळूच म्हणाल्या. "पाइपातून वर येतं रोज. आमच्या गाडीत लागायचं हे..."

कानसेन बाईंकडे वळला. "गाडी कोण चालवायचं?"

"बाबा. जाड मान, कॉलरवर घामाची रेघ." त्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या. "मला सारखं वाटायचं, आता ते वळून मागे बघणार."

"बघितलं?"

"नाही अजून. पण काल कान दिसत होता. आज गालसुद्धा..."

पियानो अगदी हळू झाला. ऊन काचेवर तापत होतं, आणि आत मात्र पेट्रोलचा गोडसर वास पसरला होता.

"डॉक्टर," कानसेन म्हणाला, "तुमच्या बाबांची मान खरंच जाड होती?"

बाईंनी घाईघाईनं दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि उन्हात उभ्या राहून म्हणाल्या, "मी जन्मायच्या आधीच गेले ते. मी त्यांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी गायक आला तेव्हा कानसेननं त्याला बसासुद्धा म्हटलं नाही.

"गाडी कोणाची आहे?"

भला माणूस असता तर 'कुठली गाडी' असं तरी म्हणाला असता. हा खुर्चीत टेकला आणि सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "आलात का तुम्हीही? कुठल्या खिडकीशी?"

"चालवणारा कोण आहे?"

"माहीत नाही. चेहरा मी पाहिलेला नाही, आणि पाहायचाही नाहीये. लहानपणापासून मी त्या मागच्या सीटवर एकटा आहे, उस्ताद. मान वळत चाललीये. मागे एकच माणूस असला तर तो त्याच्याकडेच बघणार ना?" गायक मऊ आवाजात, अगदी समजावल्यासारखा बोलत होता. "गर्दी असली की मात्र... कोणाकडे बघेल, सांगता येत नाही."

"म्हणून गाणी केलीस? लोकांना आत कोंबायला?"

"लोकांना आवडतात हो. त्यांना वाटतं, किती सुंदर लहानपण होतं आपलं."

"आणि खरं लहानपण? ते कुठं जातं?"

"गाडीला जागा लागतेच की," गायक म्हणाला.

कानसेननं त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं, गिटारची पेटी मागोमाग हातात दिली आणि दार लावून घेतलं. गाणी पुसून टाकायची, एकही प्रत ठेवायची नाही, हे ठरलंच. पण खुर्चीत बसल्यावर गायकाचं ते शेवटचं वाक्य त्याला टोचायला लागलं. त्यानं डोळे मिटले आणि बाबांची सायकल आठवायला घेतली. दांडी आठवली. दांडीवर फडक्याची गादी असायची, तीही आठवली. तिथं बसून मान वर केली की बाबांची हनुवटी दिसायची खालून. ती काही दिसेना. वर पाहिलं की जाड मानच दिसायची, आणि कॉलरवरची घामाची रेघ.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. होती ती एवढी एक हनुवटी.

आता ती कशी होती ते सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं. ताई. तिनं यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. कानसेननं गाणं बंद करायला स्पीकरच्या बटणाकडे हात नेला, ते फिरवलं आणि फोन लावला.

"आज सूर्य कुठून उगवला?" ताई म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "पैसे हवेत की बायकोशी भांडलास?"

"ताई, बाबांची सायकल आठवते तुला?"

"सायकल कसली, खटारा! ब्रेक म्हणजे बाबांची चप्पल. महिन्याला एक झिजायची. तू पुढे दांडीवर, लाटसाहेब. मी मागे कॅरियरवर. चढ आला की मलाच म्हणायचे, 'उतर गं, तुझ्या डोक्यात फार विचार आहेत, वजन होतं.'"

कानसेन हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "आणि हनुवटी? त्यांची हनुवटी कशी होती गं?"

"अरे, व्रण नव्हता का हनुवटीवर? दाढी करताना तिथले केस हमखास राहायचे. तू दांडीवरून बोट लावून बघायचास. मग सायकल झोकांडी खायची आणि मी ओरडायचे."

आली! डाव्या बाजूला, जरा वाकडा, खालून पाहिलेला व्रण. बोटाला ते राहिलेले केससुद्धा टोचले. कानसेनचे डोळे भरून आले. "सांग, अजून सांग."

"काय सांगू? संध्याकाळी परत येताना खरी मजा. तू पेंगायचास. मी आपली मागे, दिवे बघत. एक गेला की दुसरा. उन्हाळ्यात ते रेक्झिन असं चिकटायचं मांडीला..."

"कॅरियरला रेक्झिन?"

"अं? हो ना. मग बाबा म्हणायचे, काच खाली कर. वारा यायचा, आणि तो वास..." ताईचा आवाज मऊ झाला होता. "आणि हे गाणं. किती वर्षांनी ऐकतेय रे. कुठं मिळालं तुला?"

कानसेननं मान वळवून स्पीकरकडे पाहिलं.

फोन आला-गेला की गाणं बारीक करायचं, ही हाताची आयुष्यभराची सवय. हातानं सवयीप्रमाणे बारीकच केलं होतं. गाणं वाजत होतं, संपत होतं, पुन्हा पहिल्यापासून लागत होतं. दिवसभर तेच ऐकणाऱ्या त्याच्या कानांना ते कळलंच नव्हतं.

"ताई, फोन ठेव!" तो किंचाळला. "ताई, फोन ठेव!"

पलीकडून खळखळून हसू आलं. "अगदी असाच ओरडायचास! गाडीत, झोपेतून दचकून उठून. 'ताई, फोन ठेव!' आणि आम्ही सगळे हसायचो. गाडीत कुठला रे फोन?"

कानसेननं भिंतीवरचं मुख्य बटणच खाली ओढलं. दिवे गेले, पंखा गेला, गाणं मधेच तुटलं. तळघरात मिट्ट काळोख झाला.

"ताई..." त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. "सायकलचं परत सांग. हनुवटीचं सांग."

"कुठली सायकल?"

वर दवाखान्यातही आवाज नव्हता. त्या शांततेत कानसेननं आपले दोन्ही कान त्या फोनमध्ये ओतले. ताईचं घर चौथ्या मजल्यावर होतं, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या भिंतीकडे होती; रस्त्याचा आवाज तिथं यायचाच नाही. भांड्यांचा आवाज थांबला होता. त्या जागी काहीतरी लयीत वाजत होतं. टिक... टिक... टिक... गाडी वळायची असली की वाजतं, तसं.

"ताई, तुझ्याजवळ कोण आहे?"

तिनं फोन तोंडापासून लांब नेला असावा. तिचं बोलणं त्याच्यासाठी नव्हतंच. आवाज बारीक होता, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा असावा तसा.

"बाबा... पुढे बघा ना."