तांबूच्या सुया आणि बाबांचं गाऱ्हाणं

ढकलगाडीत कुत्रा घालून सड्याच्या उघड्या कातळावरून चाललेली मुलगी बघून कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. मोटारसायकल थांबवून थेट माझ्या तांबूशीच बोलला.

"काय राजे, पाय रुसले काय?"

"वानरांच्या मागे धावताना दगडी गडग्यावरून पडला," उत्तर मीच दिलं. "मागचे पाय हलतच नाहीत. शहरातले डॉक्टर म्हणाले... कायमचं झोपवून टाका."

त्याने तांबूच्या पाठीवरून बोटं फिरवली, अगदी हळू... अनोळखी माणसावर धावून जाणारा आमचा तांबू, आणि याच्या हाताखाली डोळे मिटून पडलेला! मी बघतच राहिले.

"मी स्वरूप. मूळचा नाटे गावचा. जनावरांचा डॉक्टर. सुया टोचून बघू?"

"माझा कुत्रा म्हणजे काय गोधडी वाटली?"

"गोधडी बरी. तिची मालकीण असे डोळे तरी वटारत नाही!"

तेव्हापासून दर बुधवारी तो पावस गावी आमच्या आंब्याच्या बागेत येऊ लागला. ॲक्युपंक्चरच्या केसासारख्या बारीक सुया — पाठीच्या कण्याशी, मागच्या पायांत, बोटांच्या बेचक्यात. रक्ताचा थेंब नाही, विव्हळणं नाही. तांबू सुस्कारा टाकून झोपी जायचा आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी त्या लांब बोटांकडे बघत बसायचे. किती बघायचे, ते सांगायची लाज वाटते.

"पंजा हलला!" एकदा मी किंचाळलेच.

"हळू... सुया आहेत." त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि काढायला विसरला.

बाबांचा मात्र विश्वास नव्हता. "ज्ञानू, बागेच्या राखणदाराला नारळ देऊ त्या दिवसापर्यंत वाट बघू. तवर उभा नाय रवला, तर त्याचे हाल थांबवायचे."

आणि तो दिवस नेमका बुधवारी आला. गडी जमले. बाबांनी नारळ हातात धरून राखणदाराला साकडं घालणारं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! मोहर चांगला येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. गाऱ्हाण्याला असा होकार द्यायचाच, ती रीत आमच्या तोंडात लहानपणापासून बसलेली. पलीकडे स्वरूप तांबूच्या सुया काढत होता. मान खाली, पण होकार प्रत्येक वेळी खणखणीत.

"वानरांपासून बाग राख!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् माज्या ज्ञानूला जीव लावणारा नवरा मिळू दे रे म्हाराजा!"

गडी माझ्याकडे बघून हसू दाबत राहिले. त्या शांततेत एकच आवाज घुमला.

"व्हय म्हाराजा!"

शेवटची सुई बोटांत धरून स्वरूप बसला होता. कान लालबुंद.

बाबांनी घाईघाईने नारळ फोडला. त्या आवाजाने आंब्याच्या कलमावरचं वानर हुप्प करून ओरडलं, आणि तांबू... तांबू उठला! आधी पुढचे पाय, मग थरथरत मागचे. डुगडुगत चार पावलं टाकली आणि वर बघून भुंकला. बाबांनी हात जोडले. राखणदाराला की स्वरूपला, कोण जाणे.

मी तांबूला मिठी मारून रडत होते. स्वरूप शेजारी येऊन टेकला.

"ते मघाचं..." मीच त्याला अवघडलेपणातून सोडवायला गेले, "सवयीने निघून गेलं ना?"

"आधीचे होकार सवयीचे होते," तो हळूच म्हणाला. "शेवटचा नाही."

मी तांबूच्या मानेत तोंड लपवलं आणि पुटपुटले —

"व्हय म्हाराजा..."